दि. ९.१०, हार्विच

"जशी घडी पडली आहे ना, देवू, तशीच मिटायची. नकाशाला उलटी घडी घातली की रस्ता रुसतो."

बाबांचा हा आवाज मला अजून ऐकू येतो... देवघरातलं वस्त्र मिटताना, साडीच्या निऱ्या सारख्या करताना. शेवटच्या आजारपणात ते पांघरुणावर तो भला मोठा नकाशा पसरून पडलेले असायचे. उत्तर युरोपातल्या रस्त्यांचा नकाशा. खाली आपलं इंग्लंडातलं हार्विचचं बंदर, आणि पार वर, कायम मिटलेल्या घडीत, नॉर्वेचं शेवटचं टोक, नॉर्थ केप. वीस वर्षं ते आईला सांगत होते, "अलका, गाडीने जाऊ. थेट टोकापर्यंत." आणि वीस वर्षं पुढे जोडत होते, "पुढच्या वर्षी."

एका दुपारी त्यांनी नकाशा मिटून माझ्या हातात दिला. म्हणाले, "माझं राहिलं. तू आईला तेवढं टोक दाखव." मी हो म्हटलं. पंधरा दिवसांनी बाबा गेले. वर्षाने, धीर करून त्यांचं कपाट उघडलं... तर नकाशा कुठेच नव्हता. आईला विचारायचं माझ्याने झालं नाही. आमच्या घरात तसं कुणीच कुणाला फारसं विचारत नसे.

त्यालाही आता पाच वर्षं होतील. पण त्यानंतरच्या जानेवारीतला तो शेवटचा शनिवार मला असा आठवतो, जणू छत्री अजून हातात ओलीच आहे.

जानेवारीतला पाऊस इथे पडत नाही, नुसता हवेत लोंबकळतो. लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डच्या हाय स्ट्रीटवर वाऱ्याने माझी छत्री उलटी झाली आणि मी समोरच्या, लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये शिरले. आत जुन्या पुस्तकांचा तो ओलसर, गोडसर वास. शेल्फपाशी एक उंच मुलगा एका नकाशाशी झटापट करत होता. एक बाजू दुमडावी तर दुसरी पंखासारखी उघडत होती.

"अहो, तशी नाही... उलटी घडी पडतेय!"

बोलले आणि जीभच चावली. मी चक्क मराठीत बोलले होते! बाबांचं वाक्य आपोआप तोंडातून निसटलं होतं.

त्याने वळून पाहिलं. चष्म्याच्या काचांवर पावसाचे बारीक थेंब, आणि त्यामागे हसरे, गोंधळलेले डोळे.

"मग तुम्हीच घाला ना," तो म्हणाला. अगदी सहज, मराठीत! "मी दहा मिनिटांपासून हेच करून राहिलो. याला दोन नाही, आठ हात लागतात."

मी नकाशा घेतला. बोटं आपसूक चालू लागली. पहिली घडी, दुसरी... तिसऱ्या घडीला हार्विचशेजारी पेन्सिलची अक्षरं दिसली आणि हात थांबले. 'दि. ९.१०.' डॉक्टरचं असूनही वाचता येणारं, उजवीकडे कललेलं अक्षर.

"काय झालं?"

"हे... हे माझ्या बाबांचं अक्षर आहे."

त्याने वाकून ती अक्षरं पुन्हा पाहिली. मग चष्मा काढून शर्टाला पुसत म्हणाला, "मी आत्ताच घेतला हा. पण मग तो तुमचाच झाला. घेऊन जा."

"छे! तुम्ही विकत घेतलाय."

"बाबा तुमचे आहेत."

"पण नकाशा तुमचा आहे."

"तुम्ही फार हळू भांडता हो," तो म्हणाला. "भांडण आहे की आरती, कळेना."

तेवढ्यात काउंटरमागच्या आजींनी मान उंचावून विचारलं, "आर यू टू ऑल राइट, लव्ह्ज?"

लव्ह्ज... त्या बाई सगळ्यांनाच तसं म्हणत असतील. तरी माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्याच्याही झाल्या. मी पाहिलं ना!

त्याचं नाव क्षितिज. मूळचा नागपूरचा, ब्रॅकनेलला एका सॉफ्टवेअर कंपनीत, तिथला प्रोजेक्ट ऑगस्टपर्यंत. अवधूत नावाच्या मित्राला भेटायला वॉटफर्डला आला होता. "परत जायच्या आधी एकदा गाडी घेऊन उत्तरेकडे जायचंय," तो म्हणाला. "रस्ता संपेपर्यंत."

रस्ता संपेपर्यंत. बाबा म्हणायचे, थेट टोकापर्यंत.

शेवटी तह झाला. नकाशा माझ्याकडे राहील, आणि दर शनिवारी मी तो लायब्ररीत आणीन, त्याला प्लॅन करता यावा म्हणून. मला अभ्यासाला ठेवायला दिल्यासारखा त्याने नकाशाला एकदा शेवटचा हात लावला. मग मी घड्याळ पाहिलं आणि दचकले. चार वाजून दहा मिनिटं!

"मला निघायला हवं. सूर्यास्ताच्या आत घरी पोचायचंय."

"का? सिंड्रेलाला तरी बारापर्यंत सूट होती."

"दिवा लावायचा असतो देवापाशी. तो लावल्याशिवाय मी जेवत नाही."

मी वाट पाहत होते. याच्यानंतर मुलं एक विशिष्ट प्रश्न विचारतात. हाउन्सलोहून बघायला आलेल्या एकाने विचारलाच होता, "हे रोज रोज असतं का?" क्षितिजने मात्र खिडकीतून आभाळाकडे बघितलं.

"ढगच ढग आहेत. सूर्य मावळला हे कळतं कसं तुम्हाला?"

"वेळ बघते ना. आज चार बेचाळीस."

"मग पळा," तो म्हणाला. "बत्तीस मिनिटं उरलीत."

घरी आल्यावर निरांजन लावलं, शुभंकरोती म्हटलं, आणि नकाशा आईसमोर ठेवला. आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मीच दिला होता," ती वाती वळत म्हणाली. "त्या दुकानात, त्यांच्या कोटांच्या पिशवीत घालून. वीस वर्षं नुसता बघत बसला तो माणूस. नेलं का मला? त्यांना माझ्याबरोबर जायचंच नव्हतं, देवू. माझे उपास, माझा दिवा, माझी सोवळी-ओवळी... कोण नेईल असलं लटांबर परदेशात?"

बाबा देव मानत नसत. आई दिवा लावायला उठली की म्हणायचे, "तुझ्या देवाला समर टाइम कळतो का गं?" आई हसायची नाही. पण त्यामागे हे एवढं साठलेलं असेल, याची मला कल्पना नव्हती. बाबांना दिलेला शब्द आता आणखी जड झाला. जिला टोक दाखवायचं, तीच यायला तयार नव्हती.

मग शनिवार सुरू झाले.

लायब्ररीतलं खिडकीजवळचं टेबल. नकाशा उघडला की टेबल पुरायचं नाही, म्हणून आम्हाला शेजारी-शेजारी बसावं लागायचं. त्याचा उजवा कोपर आणि माझा डावा, यांच्यामध्ये साधारण एक डेन्मार्क असायचं. फेब्रुवारी सरेपर्यंत तेही उरलं नाही.

आणि एक गंमत माझ्या लक्षात यायला लागली. दर शनिवारी सूर्य बारा-तेरा मिनिटं उशिरा मावळायचा. म्हणजे दर शनिवारी मला बारा-तेरा मिनिटं जास्त मिळायची. वर्षानुवर्षं ती वेळ मी रोज बघत आले होते. पण ती कुणीतरी मला भेट देतंय असं त्याआधी कधी वाटलं नव्हतं. मार्चअखेरीस घड्याळं तासभर पुढे गेली, तेव्हा क्षितिजने फक्त एक मेसेज पाठवला. 'आज सरकारतर्फे एक तास.' मी तो देवघरात उभी राहून तीनदा वाचला... देवाने बघितलं असणार.

एकदा पाऊस फार होता म्हणून त्याने मला घरी सोडलं. आईने त्याला आत बोलावलं, चहा दिला, आणि साखर ढवळता ढवळता विचारलं, "दर शनिवारी ब्रॅकनेलहून इतक्या लांब येता?"

"हो काकू, ते... अवधूतकडे काम असतं."

"कोण अवधूत? क्रिकेट क्लबचा? त्याची आई भेटली मंडळात. तो महिनाभर नागपूरला आहे म्हणाली."

क्षितिजने बिस्किट चहात बुडवलं. ते बुडलंच.

"चमचा देऊ?" आई म्हणाली. पण तिच्या ओठाच्या कोपऱ्यात कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं होतं.

नकाशावरच्या बाबांच्या नोंदी मात्र आम्हाला उलगडत नव्हत्या. 'दि.' म्हणजे दिनांक, हे उघडच होतं. शाळेत निबंधापासून अर्जापर्यंत आपण हेच लिहितो.

"हार्विचहून निघणार नऊ ऑक्टोबरला," क्षितिज बोट ठेवून म्हणाला. "आणि गोथेनबर्गला... दि. १०.०५. दहा मे! सात महिने? तुमचे बाबा पायी निघाले होते का?"

"वाटेत पेशंट बघत जाणार असतील," मी म्हटलं. तो इतक्या मोठ्याने हसला की लायब्ररीयनने चष्म्यावरून पाहिलं. मी असं काही विनोदी बोलू शकते, हे मलाच नवीन होतं.

मग आला एप्रिलमधला तो शनिवार. क्षितिज ओस्लोपाशी अडला होता. "दि. १०.२५. पंचविसावा महिना कुठला, सांगा बरं."

"अमेरिकन पद्धतीने लिहिलं असेल."

"मग पुढे बघा, बोडोला ११.४०. चाळीस तारीख अमेरिकेतही नसते हो."

माझा फोन टेबलावर होता. तो उजळला. आईचा मेसेज. 'दिवेलागण ७.५०. भरली वांगी केली आहेत.'

मी उठायला लागले. क्षितिज हलला नाही. तो मान वाकडी करून फोनकडे बघत होता.

"देवयानी... हे काय लिहिलंय काकूंनी?"

"भरली वांगी."

"त्याच्या आधी."

"दिवेलागण. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"आमची आजी दिवाबत्ती म्हणते." त्याने हळूच माझा फोन उचलून नकाशावर ठेवला, बाबांच्या अक्षराशेजारी. "पुन्हा म्हण. आणि पुढचा आकडा पण म्हण."

मला 'तू' म्हणाला हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं.

"दिवेलागण सात पन्नास..." मी म्हटलं. आणि पुढचे शब्द ओठांवरच राहिले.

दिवेलागण नऊ दहा, हार्विच. दिवेलागण दहा पाच, गोथेनबर्ग. दहा पंचवीस, ओस्लो.

त्या तारखा नव्हत्या. जुलैतल्या सूर्यास्ताच्या वेळा होत्या. देव न मानणाऱ्या माझ्या बाबांनी साडेतीन हजार किलोमीटरच्या रस्त्यावर, मुक्कामागणिक, आईला दिवा कधी लावता येईल ते काढून ठेवलं होतं.

"वरची घडी उघड," क्षितिज कुजबुजला.

ती घडी बाबांनी माझ्यासमोर कधी उघडली नव्हती, आणि टेबल पुरत नाही म्हणून आम्हीही अजून उघडली नव्हती. कागद तिथे खोडरबराने घासून घासून पातळ झाला होता. नॉर्थ केपच्या शेजारी लिहिलं होतं...

'दि. नाही. जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही. मग अलका जेवणार कधी?'

मी तिथेच, लायब्ररीत, सगळ्यांदेखत रडले.  क्षितिजने फक्त नकाशा हळूच थोडा बाजूला सरकवला, बाबांच्या अक्षरावर पाणी पडू नये म्हणून. मला वाटतं, मी त्याच्या प्रेमात पडले ती त्या एवढ्याशा हालचालीत.

त्या संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी आईच्या मांडीवर नकाशा उघडला. तिने चष्मा लावला. हार्विचपासून वर, एकेका अक्षरावर बोट ठेवत, पोथी वाचावी तशी वाचत गेली. टोकाला पोचली आणि बोट तिथेच टेकवून ठेवलं.

मग बाबांच्या फोटोकडे बघून, रागावल्यासारखी म्हणाली, "अहो, मला विचारायचं तरी होतंत!"

घरात नुसती निरांजनाची वात फुरफुरत होती.

"दिवा काय सूर्य मावळला म्हणून लावतात?" ती आता माझ्याशी बोलत होती, की त्यांच्याशी, कोण जाणे. "घरचं माणूस परत यायच्या वेळेला घरात उजेड असावा, म्हणून लावतात. डिसेंबरात चार वाजता लावायचे, तरी हे ड्यूटीवरून येईपर्यंत तूप घालत बसायचे मी. तेच जर शेजारी बसले असते तर... कुठल्याही वेळी लावला असता. भर उन्हात लावला असता."

तिने डोळे पदराने टिपले. नकाशा मिटला. बरोबर घडीवर.

"हे विचारायला घाबरले, मी विचारायला रुसले. वीस वर्षं गेली, देवू." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या मुलाला गाडी चांगली चालवता येते ना?"

पुढचे तीन महिने आमचं टेबल आमच्या स्वयंपाकघरात आलं. फेरीबोटीची तिकिटं, गाडीच्या विम्याच्या ग्रीन कार्डापासून बर्फासाठी चाकांना स्नो चेन हव्यात का इथपर्यंतचे प्रश्न, कुठल्या मुक्कामी स्वयंपाकघर मिळेल, तुपाची बरणी किती मोठी. आईने मेतकुटाचा डबा यादीत सर्वांत वर लिहिला. क्षितिजने लॅपटॉपवर तक्ता केला. मुक्काम, अंतर, पेट्रोल, आणि शेवटचा रकाना 'दि.'

त्याचा प्रोजेक्ट ऑगस्टमध्ये संपत होता. त्याबद्दल तो बोलत नव्हता, आणि मी विचारत नव्हते. रोज पहाटे अथर्वशीर्ष म्हणताना आवर्तन चुकायला लागलं होतं. गणपतीकडे मी आजवर स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आता मागावंसं वाटत होतं, पण तोंड उघडत नव्हतं. आई सगळं बघत होती आणि मुद्दाम काही बोलत नव्हती.

निघायच्या आदल्या रविवारी आई देवळात गेली होती. मागच्या अंगणात नकाशा पसरून आम्ही शेवटची उजळणी करत होतो. लॅव्हेंडरवर मधमाश्या, शेजारच्यांच्या लॉनमोवरचा आवाज, त्याच्या बाहीला उन्हाचा वास. मी वरची घडी उघडली... बाबांच्या प्रश्नाखाली पेन्सिलने, डावीकडे कललेलं, दुसरंच अक्षर होतं.

'दि. देवयानी म्हणेल तेव्हा.'

"बाबांच्या नकाशावर लिहिलंस?" मी म्हटलं. 

"पेन्सिलने लिहिलंय. खोडता येतं." तो गवताची काडी सोलत होता. "तिथे सूर्य क्षितिजाला टेकतच नाही म्हणतात. म्हटलं, आपल्या नावाला तेवढाच उपयोग."

"आणि परतीचा रस्ता? तुझ्या तक्त्यात परतीचं काहीच नाही."

"तो मला ठरवता येईना." काडी थांबली. "नागपूरचं तिकीट ऑगस्टचं आहे. कंपनी म्हणते, हवं तर दोन वर्षं वाढवू. मी अजून उत्तर दिलेलं नाही."

"का?"

"कुणी विचारलंच नाही ना मला... थांबतोस का म्हणून."

शेजारचा लॉनमोवर बंद पडला. मला आईचा आवाज आठवला. वीस वर्षं गेली, देवू. मी नकाशाच्या कडेवर बोट ठेवलं, त्याच्या बोटापासून अगदी एका गावाच्या अंतरावर.

"थांब," मी म्हटलं.

"काय? इतकं हळू बोलतेस, ऐकूच आलं नाही."

"आलंय तुला ऐकू."

"आलंय," तो म्हणाला. आणि ते एका गावाचं अंतरही संपलं. "पण पुन्हा एकदा म्हण. आरतीसारखं आहे, दोनदा म्हटलं तरी चालतं."

मी पुन्हा म्हटलं. या वेळी जरा मोठ्याने.

जुलैमधल्या त्या सकाळी आम्ही पाचलाच उठलो. फेरीबोट नऊची होती. पूजा झाली. आईने निरांजन मऊ रुमालात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवलं, शेजारी फुलवाती आणि तुपाची बरणी. क्षितिजने हॉलमधल्या दिव्याला टायमर लावला होता, रोज नऊ दहाला लागेल असा.

"हे कशाला?" आईने विचारलं.

"वॉटफर्डची दिवेलागण चुकायला नको, काकू."

आईने त्याच्याकडे नीट, पहिल्यांदाच इतकं नीट बघितलं. मग म्हणाली, "काकू काय रे सारखं!" आणि बाहेर गेली.

मी पुढच्या सीटवर, नकाशा मांडीवर घेऊन बसले होते. आईने माझ्या बाजूचं दार उघडलं.

"ऊठ. मागे बस."

"अगं, रस्ता सांगायला—"

"मी सांगते. त्यांचं अक्षर मला वाचता येतं."

मी मागे गेले. बिस्किटांचा डबा मांडीवर घेतला. समोरच्या छोट्या आरशात क्षितिजचे डोळे एकदा माझ्याकडे आले आणि हसून रस्त्यावर गेले. शेजारपाजारच्यांची झोप मोडू नये म्हणून त्याने गाडी अगदी हलकेच सुरू केली.

आईने पदर खोचला. चष्मा लावला. मग जशी घडी पडली होती तशीच, न चुकता, पहिली घडी उघडली.

"हार्विच. दिवेलागण नऊ दहा," ती हळू आवाजात वाचू लागली. मग बोट रस्त्यावर टेकवलं. "हं. पुढून डावीकडे घे."